आर्याच्या भिंतीवरचा टीव्ही

"असा खरं बोलणारा नवरा मिळायला भाग्य लागतं हो," असं आमच्या लग्नात ह्यांची आत्या मला म्हणाली होती. आत्या आता नाही. नाहीतर फोन लावून विचारलं असतं, आत्या, भाग्य म्हणजे नेमकं काय गं?

ह्यांचं नाव पुरुषोत्तम. आम्ही मूळचे सांगलीकडचे, पण सगळा संसार बंगळूरला झाला, विद्यारण्यपुऱ्यात. ह्यांची नोकरी सरकारी कारखान्यात, रडारच्या पडद्यांवर. आकाशात विमान कुठे आहे ते ज्या पडद्यावर दिसतं, तो पडदा खरं दाखवतो की नाही, हे बघायचं काम. एवढंसुद्धा मला कळलं ते निवृत्तीनंतर, कारण घरी बोलायची बंदी. आर्या शाळेत असताना बाईंनी विचारलं, तुझे वडील काय करतात? पोरगी म्हणाली, "डबा घेऊन जातात आणि संध्याकाळी परत येतात." सगळा वर्ग हसला म्हणे. घरी येऊन तिनं ते सांगितलं तेव्हा हेही हसले, पण त्या रात्री ताटातली भाजी तशीच राहिली.

आमच्या वरच्या मजल्यावर विठोजी शिंदे राहतात, ते पूल बांधायचे. सुट्टीत नातवंडांना गाडीत घालायचे आणि आपल्या पुलावरून फिरवून आणायचे. आम्ही काय दाखवणार? आकाश? निरोपाच्या दिवशी एक शाल, एक नारळ आणि एक चांदीचा मुलामा दिलेली तबकडी घेऊन हे घरी आले, आणि तबकडीवर काय लिहिलंय ते वाचायलाही कुणी थांबलं नाही. माणसानं जन्मभर राबावं आणि आपल्या लेकीला बोट दाखवून 'हे मी केलं' म्हणता येऊ नये, हे मला फार लागायचं. ह्यांना किती लागत होतं ते पाचेक वर्षांनी गिरीराज आला तेव्हा दिसलं.

गिरीराज पुण्याचा मुलगा. बेळ्ळंदूरला त्याची 'षड्ज' नावाची कंपनी. नाव घेताना इथल्या लोकांची जीभ वळत नाही, पण स्पीकर असे करतो की मोठमोठ्या घरांतली माणसं देव्हाऱ्यासारखे कोपऱ्यात मांडून ठेवतात. महाग तर इतके की मी किंमत ऐकून पुन्हा एकदा विचारून घेतली. त्याला आता टीव्ही करायचा होता, आणि चित्र जमवायला असा माणूस हवा होता ज्याची नजर पक्की आहे.

"काकू, लोक आमच्या स्पीकरला एवढे पैसे देतात, मग टीव्हीला का नाही देणार?" तो म्हणाला.

मी म्हटलं, "अरे, स्पीकर हौसेनं घेतात. टीव्ही तर आमच्या कामवाल्या कमलाकडेही आहे. जी वस्तू सगळ्यांकडे आहे तिला जास्त पैसे कोण देईल?"

"काकू, तेच तर करून दाखवायचंय!" असं म्हणून तो हसला. हेही हसले. दोघांना कशाचं हसू आलं, ते मला कळलं नाही.

त्यानंतर तीनेक वर्षं आमचा म्हातारा रिंगरोडच्या धुरात रोज बेळ्ळंदूरला जायला लागला. जाताना नाही थकवा, येताना नाही थकवा. संध्याकाळी चहा पिता पिता मला सांगायचे, "संध्या, काच सगळ्यांची एकाच कारखान्यातून येते बरं का. आपलीही तीच, त्या स्वस्तवाल्यांचीही तीच. फरक काय तो चित्र कसं लावायचं यात." बोलायची बंदी नसलेलं काम ह्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळालं होतं, त्यामुळे बोलून बोलून माझे कान किटले.

टीव्ही फक्त मोठ्या आकाराचा निघणार होता. आमच्या हॉलमध्ये खिडकी आणि दार सोडून जी भिंत उरते तिच्यावर तो मावेना. पण त्याच सुमारास आर्या आणि आमचे जावई प्रणीत यांनी एचएसआर लेआउटला फ्लॅट घेतला. ऐसपैस हॉल, समोर लांबरुंद भिंत. आर्यानं त्या भिंतीला खिळासुद्धा ठोकू दिला नाही. "इथे बाबांचा टीव्ही," येईल त्याला सांगायची. नागपूरच्या विहीणबाई तिच्याकडे राहायला आल्या. बिचाऱ्या मोबाइलवर मालिका बघून डोळे चोळायच्या, पण चकार शब्द काढला नाही. आणि हे? आर्याकडे गेलं की चहाचा कप हातात घेऊन त्या रिकाम्या भिंतीकडे बघत बसायचे. मला सांगितलं नाही कधी, पण एवढीच एक गोष्ट ह्यांना हवी होती, आपण केलेलं काहीतरी लेकीच्या भिंतीवर लागावं.

आता टीव्हीच्या धंद्यातली एक रीत सांगते, मलाही ती तेव्हाच कळली. दुकानात मांडलेला टीव्ही घरच्यासारखा ठेवतच नाहीत. त्याला 'स्टोअर मोड' नावाची सोय असते. ती चालू केली की उजेड चढतो, रंग चढतात, साधी पपई अशी केशरी होते की हात लावायला भीती वाटावी. दुकानात डोक्यावर दिव्यांची रोषणाई, रांगेत पन्नास टीव्ही. त्यात जो जास्त झगमगतो त्याच्यापुढे गिऱ्हाईक थांबतं. सगळ्या कंपन्या हेच करतात. आणि ह्यांनी षड्जच्या टीव्हीत ती सोयच ठेवली नव्हती. विसरले म्हणाल तर तसं नाही. मुद्दाम.

गिरीराज घरी येऊन बसला. मी इडल्या उतरवत होते. "काका, फक्त दुकानापुरतं हो. घरी नेला की आपोआप तुमचं चित्र."

"पडद्यावर जे नाही ते दाखवायचं नाही," हे म्हणाले.

मी आतूनच ओरडले, "अहो, ते रडार नाही, टीव्ही आहे!"

"रडारवर नसलेलं विमान दिसलं तर काय होतं, ठाऊक आहे तुला?"

"आणि पपई जरा जास्त केशरी दिसली तर कोण मरतं हो?"

गिरीराज हसला, हे नाही हसले. म्हणाले, "एकदा डोळ्याला खोट्याची सवय लावली की खरं फिकंच वाटणार. मग आपला टीव्ही वेगळा कशात?" गिरीराजच्या स्पीकरमध्येही ढम्मढम्म वाढवायचं बटण नव्हतं, आणि तरी ते खपले होते. त्यामुळे त्याला हे पटलं. दोन शहाणे एकत्र आले आणि माझ्या इडल्या खाऊन उठले.

दसऱ्याच्या आठवड्यात टीव्ही बाजारात आला. गिरीराजच्या कंपनीत ज्यांनी पैसा घातला होता त्यांनी आधीच बजावलं होतं, या सणात खपला तर पुढे, नाहीतर गाशा गुंडाळा. आयुधपूजेच्या दिवशी, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, मारतहळ्ळीच्या मोठ्या दुकानात हे स्वतः उभे राहणार होते, लोकांना समजावून सांगायला. मी म्हटलं मीही येते. आर्या आणि प्रणीत संध्याकाळी येणार होते. "पहिला टीव्ही आम्ही घेणार, बाबांच्या समोर, रीतसर बिल करून," आर्यानं ठणकावून सांगितलं होतं.

दुकानात सकाळीच पूजा झाली. दाराशी कोहळा फोडला, हरेक टीव्हीच्या चौकटीला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. आमच्या टीव्हीला कुंकू लावलं ते नागनाथनं. तो तिथला विक्रेता, बिदरचा, घरी मराठी बोलणारा. मला बघताच म्हणाला, "अक्का, बसा, खुर्ची देतो." गुणी पोर.

इतर टीव्हींवर पोपट, फुलं, कापलेली फळं गरगरत होती. ह्यांनी आपल्या टीव्हीवर लावायला चित्र घेतलं होतं ते मल्लेश्वरमच्या एका फूलवालीचं. संध्याकाळची वेळ, ती दिव्याच्या उजेडात मोगरा ओवतेय, तोंडावर घाम, बोटांत ओला दोरा. आमच्या घरातला दिवा मालवून बघितलं असतं ना, तर हात पुढे करून गजरा मागितला असता. पण त्या झगझगाटात ती बाई बिचारी अंधारात तोंड लपवून बसल्यासारखी दिसत होती.

लोक यायचे, बघायचे, पुढे जायचे. एक मुलगी आपल्या आईला म्हणाली, "डल् आगिदे." फिकं दिसतंय, एवढं मला कळलं. ह्यांनाही कळलं. हे पुढे होऊन इंग्रजीत, हिंदीत, मोडक्या कन्नडात सांगायचे, की हा डल नाही, हा खरा आहे, बाकीचे वाढवून दाखवतात. लोक ऐकायचे. मान हलवायचे. आणि पोपटाकडे जायचे.

नागनाथनं शेवटी हात जोडले. "सर, स्वल्प ब्राइट करा की. गिऱ्हाईक पुढं पळायलंय."

"नाही करता येत, बाळ. सोयच नाही."

"सोय नाही?" त्यानं माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार, कपाळ?

मग हे मॅनेजरकडे गेले. वरचे दोन दिवे बंद करता का, विचारायला. मॅनेजर म्हणाला, "सार, सेल आहे, सुतक नाही." मग ह्यांनी काय करावं? टीव्हीचा रिकामा खोका उचलला, एक बाजू फाडली, आणि तो वरून धरून पडद्यावर सावली केली. सत्तरीला टेकलेला माणूस, दोन्ही हात वर करून खोका धरून उभा. माझा जीव तीळतीळ तुटत होता, पण मला तिकडून मानही वळवता येईना.

आणि चित्र दिसलं हो! एक वयस्क जोडपं थांबलं. बाई दोन पावलं पुढे आल्या, "चेन्नागिदे," म्हणाल्या, छान आहे म्हणून. मी मनात म्हटलं, देवा, एवढी एक विक्री होऊ दे. त्यांच्या नवऱ्यानं किंमत विचारली, शेजारच्या टीव्हीची किंमत बघितली आणि ह्यांना म्हणाला, "घरी पण हा खोका धरायला तुम्ही येणार का, सार?" मस्करीच होती, वाईट बोलला नाही. पण ती दोघं गेली आणि ह्यांचे हात हळूहळू खाली आले.

दुपारी गिरीराजचा फोन. हे नुसतं "हं, हं" करत होते. ठेवल्यावर म्हणाले, "तो ऑफिसातून नेटवरून पाठवतोय. स्टोअर मोड. पोरांनी करून ठेवला होता म्हणे, मला न सांगता." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

टीव्ही एकदा काळा झाला, परत उजळला आणि भक्कन पेटला. फूलवालीचं तोंड हळद फासल्यासारखं पिवळं, मोगरा निळसर पांढरा, घाम दिसेनासा झाला. आणि काय सांगू, लोक थांबायला लागले! नागनाथच्या अंगात वारं शिरलं. मीही लाज सोडून खूश झाले, खपू दे एकदाचा, म्हटलं, पुढचं पुढे.

पण लोक किती हुशार असतात बघा. आता दोन टीव्ही शेजारीशेजारी सारखेच पेटलेले. एकानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, नागनाथला विचारलं, "सेम टु सेम. मग ह्याला एवढे जास्त कशाला?" नागनाथ म्हणाला, आवाज चांगला आहे सर, षड्जचा स्पीकर आहे. पण त्या कल्लोळात आवाज कुणाला ऐकू येणार, आणि तो गृहस्थ म्हणाला, आवाजासाठी वेगळा स्पीकर लावतात ना लोक. सकाळी आमचा टीव्ही वेगळा होता म्हणून कुणी घेतला नाही, आणि आता सारखा झाला म्हणून घेईना. मी ह्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, आता बोला काहीतरी. हे वाकून तो फाडलेला खोका परत चिकटवत बसले.

संध्याकाळी आर्या आणि प्रणीत आले. पोरगी नटून आली होती, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. प्रणीतनं पाकिटातून कार्ड काढलंच होतं. गुणी जावई, खोटं कशाला बोलू? काउंटरवर उभा राहून सहज विचारल्यासारखं म्हणाला, "बाबा, पुढे अपडेट वगैरे येत राहतील ना? पॅनलला काही झालं तर सर्व्हिस?"

'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. ह्यांच्या दंडाला माझा दंड लागला होता, मी ह्यांना कोपर रुतवलं. त्यात काय खोटं होतं? येतीलही, कुणी पाहिलंय?

हे म्हणाले, "सांगता येत नाही, प्रणीत. मला वाटतं कंपनी टीव्ही बंद करेल. मग भाग मिळणार नाहीत. तुम्ही हा घेऊ नका."

"बाबा!" आर्या ओरडली. "काहीही काय? आम्ही तुमचाच घेणार. बंद पडला तर पडला!"

"आणि मग? बंद पडलेला टीव्ही भिंतीवर, सासूबाई समोर बसलेल्या, आणि मी चहाला येणार. मला नाही जमायचं ते." मग नागनाथकडे वळून, "तो शेजारचा दे ह्यांना. तोच आकार. चांगला आहे, काच तीच आहे."

"अय्यो, सर..." एवढंच नागनाथ म्हणाला. प्रणीत माझ्याकडे बघायला लागला. आर्याचे डोळे भरले. मी ह्यांना तिथेच, चारचौघांत म्हटलं, "अहो, तुम्ही माणूस आहात की दगड? पोरीनं ती भिंत कुणासाठी ठेवली होती?" हे म्हणाले, "म्हणूनच." बिल झालं. पेढे नागनाथनं दुकानात वाटले.

दिवाळीच्या आधीच गिरीराज घरी आला. वाईट वाटलं त्याचं, दाढी वाढलेली, डोळे खोल. "काका, आम्ही परत स्पीकरच करणार. टीव्हीत आमच्यासारख्याचं काम नाही. दरसाल भाव उतरतो, आणि लोकांना सगळे सारखेच वाटतात." हे म्हणाले, "तुझं चुकलं नाही." मीही मागचं बोलणं उकरलं नाही. मरतुकड्या बैलाला पराणी कोण टोचतं? ताटभर चकल्या बांधून दिल्या.

लक्ष्मीपूजनाला आम्ही आर्याकडे गेलो. भिंतीवर तो दुसरा टीव्ही. विहीणबाई खुर्ची सरसावून समोर. जेवणं झाल्यावर आर्या चाचरत म्हणाली, "बाबा, चेहरे फार लाल दिसतात हो यात. आणि माणसं अशी घसरल्यासारखी चालतात. जरा... बघता का?"

हे रिमोट घेऊन जमिनीवर बसले. दिवे मालवायला सांगितले. एकेक सोय उघडायची, कमी करायची, मागे सरकून बघायचं, परत पुढे. मी सोफ्यावर बसून त्यांची पाठ बघत होते. इतकी वर्षं कारखान्यात ही पाठ अशीच वाकलेली असणार, असं वाटून गेलं.

मग ह्यांनी आपला मोबाइल जोडला आणि ती फूलवाली लावली. तोंडावर दिव्याचा उजेड, ओठावर घाम, मोगऱ्याची एकेक कळी वेगळी. विहीणबाई म्हणाल्या, "अगंबाई, डोळ्यांना किती निवल्यासारखं झालं." आर्या स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच उभी राहिली.

"बाबा, तुम्ही हे करायचात?"

"हो."

"म्हणजे हे? तुमच्या टीव्हीत असं दिसायचं?"

"असंच. काळोख जरा जास्त खरा होता. बाकी हेच."

ती येऊन ह्यांच्या शेजारी जमिनीवर बसली, खांद्यावर डोकं ठेवलं. "मला आज कळलं," म्हणाली, आणि रडायला लागली. हे तिच्या डोक्यावर हात फिरवत हसत होते. खरंखुरं हसत होते हो! आणि माझी नजर जाऊन बसली खाली चौकटीवर, तिथे त्या दुसऱ्या कंपनीचं नाव पांढरं लकाकत होतं.

प्रणीत म्हणाला, "बाबा, भारी! माझ्या टीममधल्या दोघांनी हाच घेतलाय. त्यांचाही करून द्याल?"

"देतो की. पत्ता पाठवा."

लिफ्टमध्ये शिरेपर्यंत मी कसंबसं तोंड दाबून धरलं. दार लागलं तशी फुटले. "लाज कशी वाटत नाही? ज्यांनी तुमचा टीव्ही बुडवला, त्यांचा टीव्ही तुम्ही घरोघर जाऊन चांगला करून देणार? फुकट?"

हे माझ्याकडे बघत राहिले. चिडले नाहीत. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता.

"मग कुणाचा करून देऊ, संध्या? आपला तर आता मिळत नाही."

लिफ्ट खाली येऊन थांबली, दार उघडलं. मी त्यांचा हात धरून तिथेच उभी राहिले आणि रडले.